कालगणनेचं कोष्टक आणि सरकणारी संक्रांत

नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत पदवीच्या मुलांना ‘भारतीय ज्ञानप्रणाली’ हा दोन क्रेडिटचा विषय आला आहे. या विषयाच्या नोट्समध्ये, महाविद्यालयातल्या प्रदर्शनांत आणि मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रांत एक कोष्टक हमखास भेटतं. एका टोकाला त्रुटी, मग निमिष, काष्ठा, कला, घटिका, मुहूर्त, आणि दुसऱ्या टोकाला महायुग, मन्वंतर, कल्प. शेजारच्या रकान्यात आजची मापं: एक त्रुटी म्हणजे सेकंदाचा ३३,७५०वा भाग, एक कल्प म्हणजे ४३२ कोटी वर्षं. खाली बहुधा एक ओळ असते. जगाकडे घड्याळ नव्हतं तेव्हा आपले पूर्वज मायक्रोसेकंद मोजत होते आणि पृथ्वीचं वयही त्यांना ठाऊक होतं, अशा अर्थाची.

हा विषय शिकवला जावा असं मला मनापासून वाटतं. भारतीय ज्योतिर्गणित हा जगाच्या गणिताच्या इतिहासातला मोठा भाग आहे आणि आपल्या मुलांना तो माहीत नसणं ही लाजिरवाणी गोष्ट आहे. पण कोष्टक पाठ करून घ्यायचं, शेवटची ओळ अभिमानाने म्हणवून घ्यायची आणि परीक्षेत रिकाम्या जागा भरायला लावायच्या, या पद्धतीने त्या गणिताचं सर्वांत मोठं काम झाकलं जातं. हे कोष्टक मुलांनी स्वतः वही-पेन घेऊन मांडलं, तर त्यांना पूर्वजांची खरी करामतही दिसेल आणि आपल्या पंचांगात आजही जिवंत असलेला एक प्रश्नही दिसेल.

आधी लहान टोक घेऊ. भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणीतली मापं धरली तर हिशेब असा होतो. अहोरात्राचे ८६,४०० सेकंद. त्याचे ३० मुहूर्त, म्हणजे मुहूर्त २,८८० सेकंदांचा. मुहूर्ताच्या दोन घटिका, प्रत्येकी १,४४० सेकंद. घटिकेच्या ३० कला, कलेच्या ३० काष्ठा, काष्ठेचे १८ निमिष. एक निमिष आला ०.०८९ सेकंद. निमिषाचा तिसावा भाग तत्पर आणि तत्पराचा शंभरावा भाग त्रुटी. भागाकार केला की सेकंदाचा ३३,७५०वा भाग मिळतो. कोष्टकातला आकडा बरोबर आहे.

आता हाच हिशेब मनुस्मृतीतल्या मापांनी करा. तिथेही काष्ठेचे १८ निमिष आणि कलेच्या ३० काष्ठा आहेत, पण ३० कलांचा थेट मुहूर्त होतो. निमिष आला ०.१७८ सेकंद, म्हणजे बरोबर दुप्पट. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात तिसरीच रचना आहे. तीन निमिषांचा क्षण, पाच क्षणांची काष्ठा, पंधरा काष्ठांचं लघु, पंधरा लघूंची नाडिका. तिथला निमिष ०.४२७ सेकंदांचा होतो, आणि त्याच शिडीवरून खाली उतरलं की त्रुटी भास्कराचार्यांच्या त्रुटीच्या सोळापट निघते.

सोळापट हा किरकोळ फरक नाही. ज्या गोष्टीचं खरंच मोजमाप होत असतं तिच्यात दोन ग्रंथ इतके लांब जात नाहीत. अहोरात्राच्या ६० घटिका आणि ३० मुहूर्त यावर सगळ्यांचं एकमत आहे, कारण घटिका मोजली जात होती. निमिषाच्या खाली एकमत नाही, कारण तिथे मोजणी नव्हती. एकाच एककाला भागत भागत जाणं होतं, आणि प्रत्येकाने आपापल्या सोयीने भागलं.

हे मी आजच्या चष्म्यातून म्हणत नाही. सूर्यसिद्धांत या जुन्या ज्योतिषग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात ही गोष्ट स्वच्छ लिहून ठेवली आहे. काळाचे दोन प्रकार, मूर्त आणि अमूर्त. ‘प्राणादिः कथितो मूर्तः त्रुट्याद्योऽमूर्तसंज्ञकः’. प्राणापासून पुढचा काळ मूर्त, म्हणजे व्यवहारात धरता येणारा, आणि त्रुटीपासूनचा सूक्ष्म काळ अमूर्त. ग्रंथकाराने स्वतः रेघ ओढून दिली होती. आपण ती पुसून त्रुटीच्या पुढे मायक्रोसेकंद लिहितो, आणि त्याला परंपरेचा गौरव म्हणतो. त्या ग्रंथकाराचा प्रामाणिकपणा मला त्रुटीच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोलाचा वाटतो.

त्या रेघेच्या अलीकडे जे आहे ते फार सुंदर आहे. एक प्राण म्हणजे चार सेकंद, निरोगी माणसाच्या एका श्वासोच्छ्वासाइतका काळ किंवा दहा गुरू अक्षरं सावकाश म्हणायला लागणारा वेळ. सहा प्राणांचं एक पळ, साठ पळांची एक घटिका. दिवसात २१,६०० प्राण होतात, आणि वर्तुळात ३६० अंश गुणिले ६० अशा २१,६०० कलाच असतात (ही कला कोनाची, अंशाचा साठावा भाग). म्हणून एका प्राणात आकाश बरोबर एक कला फिरतं. आर्यभटाने हे मोजक्या शब्दांत सांगितलं आहे: ‘प्राणेनैति कलां भम्’. वेळ आणि कोन यांचं रूपांतर करायला गुणाकारही लागू नये, अशी ही मापाची निवड आहे. आठवीच्या मुलाला अंश-कला शिकवताना हे एक उदाहरण दिलं, तर ते त्याच्या कायम लक्षात राहील.

आणि घटिका मोजायची कशी, तर तांब्याच्या वाटीने. बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक, वाटी स्वच्छ पाण्याच्या घंगाळात सोडलेली. भोकातून पाण्याची बारीक धार आत चढते, वाटी हळूहळू जड होते, काठ पाण्याला टेकतो आणि एका झटक्यात वाटी तळाला जाते. दिवस-रात्रीत ती साठ वेळा बुडली पाहिजे, असं सूर्यसिद्धांत सांगतो. भोक जरा मोठं झालं तर एकसष्ट वेळा बुडेल, क्षार साचून बारीक झालं तर एकोणसाठ. म्हणजे लहान मापाची परीक्षा मोठ्या मापाने घ्यायची. एक घटिका चोवीस मिनिटांची आहे की साडेचोवीसची, हे एका बुडण्यात कळत नाही. सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत मोजलं की कळतं. लग्नात भटजींनी मांडलेलं घटिकापात्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेलं आहे. शाळेत हा प्रयोग अर्ध्या तासात होतो आणि त्याला खर्च जवळजवळ काही नाही.

ही साठ बुडींची युक्ती लक्षात ठेवून मोठ्या टोकाकडे जाऊ. कल्प ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं, म्हणजे पूर्वजांना ते माहीत होतं, असं म्हटलं जातं. पण परंपरेच्या स्वतःच्या हिशेबाने कल्प अजून संपलेला नाही. सत्यनारायणाच्या पूजेला बसल्यावर आपण संकल्प म्हणतो: ब्रह्मदेवाचं द्वितीय परार्ध, श्वेतवाराहकल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावं कलियुग, त्याचं प्रथम चरण, मग शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी. इतक्या प्रचंड काळापासून आजच्या सकाळपर्यंत एका दमात उतरणारं वाक्य घराघरांत म्हटलं जातं, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं. त्या संकल्पातले आकडे मांडले तर सहा मन्वंतरं झाली, त्यांच्या संधी झाल्या, सातव्या मन्वंतरातली सत्तावीस महायुगं झाली, अठ्ठाविसाव्याची तीन युगं आणि कलीची पाच हजारांवर वर्षं. बेरीज येते सुमारे १९७ कोटी वर्षं. जुळवायचंच असेल तर ४५४ कोटींशी हा आकडा जुळवायला हवा, आणि तो निम्माही भरत नाही. ४३२ आणि ४५४ जवळ दिसणं हा योगायोग आहे.

मग इतके मोठे आकडे कशासाठी? अभ्यासक्रमात सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा तो याच प्रश्नाला.

सूर्यसिद्धांत म्हणतो, एका महायुगात, म्हणजे ४३,२०,००० वर्षांत, १,५७,७९,१७,८२८ दिवस असतात. हा आकडा कुणी दिवस मोजून काढलेला नाही हे उघड आहे. हा अपूर्णांक आहे, फक्त पूर्णांकाच्या कपड्यात लिहिलेला. वर्ष म्हणजे ३६५ दिवस आणि वर काही घटिका, पळं, विपळं. ते श्लोकात दशांश चिन्ह न वापरता लिहायचं कसं? त्यावर उपाय असा काढला की इतकी वर्षं घ्यायची की तेवढ्यात दिवसांची संख्या पूर्ण होईल आणि ग्रहांच्या फेऱ्याही पूर्ण होतील. मग प्रत्येक गती दोन पूर्ण संख्यांचं गुणोत्तर होते. भागाकार करून बघा: ३६५ दिवस, ६ तास, १२ मिनिटं, ३६.५६ सेकंद.

आता गंमत अशी की त्या मोठ्या आकड्यात एक दिवस वाढवला किंवा कमी केला, तर वर्षाच्या लांबीत किती फरक पडेल? ८६,४०० सेकंद भागिले ४३,२०,०००. उत्तर येतं ०.०२ सेकंद, अगदी नेमकं. म्हणजे महायुगातला एक दिवस हा वर्षातल्या सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा काटा आहे. आर्यभटाने महायुगाचे दिवस १,५७,७९,१७,५०० धरले. सूर्यसिद्धांताहून ३२८ कमी. ३२८ गुणिले ०.०२, म्हणजे ६.५६ सेकंद. म्हणून आर्यभटाचं वर्ष ३६५ दिवस, ६ तास, १२ मिनिटं, ३० सेकंदांचं. पंधराशे वर्षांपूर्वीच्या परंपरेतल्या दोन पक्षांमधला साडेसहा सेकंदांचा मतभेद आपल्याला आज वाचता येतो, तो या मोठ्या काळामुळे. अतिसूक्ष्म काळ त्यांनी त्रुटीत लिहिला नाही, तो महायुगात लिहिला. सगळं कोष्टक पाठ असलेल्या मुलाला जर हे माहीत नसेल तर त्याला भारतीय कालगणनेतलं जे सर्वांत हुशार होतं तेच माहीत नाही.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी, आणि तीही मुलांना शिकवायला हवी. सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत लिहिता येणं वेगळं आणि तितकं अचूक असणं वेगळं. सूर्य त्याच ताऱ्यापाशी परत यायला लागणारा काळ, म्हणजे नाक्षत्र वर्ष, आजच्या मोजणीने ३६५ दिवस, ६ तास, ९ मिनिटं, १० सेकंद आहे. आर्यभटाचं वर्ष साधारण तीन मिनिटं वीस सेकंदांनी मोठं होतं. दुर्बीण नसताना वर्षाच्या लांबीत इतकीच चूक राहणं ही मान खाली घालायची गोष्ट मुळीच नाही. पण चूक ती चूकच, आणि पंधराशे वर्षांत तिचे साडेतीन दिवस होतात.

त्या काळच्या ज्योतिषांना हे पुरतं कळत होतं. कल्पारंभापासून गणित करणारा ग्रंथ तो सिद्धांत, कलियुगाच्या आरंभापासून करणारा तंत्र आणि अलीकडचा एखादा शक धरून करणारा करण, असे तीन प्रकार त्यांनी पाडले होते. रोजचं पंचांग करणाने व्हायचं. कोकणात नांदगावला राहणाऱ्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली ग्रहलाघव लिहिलं तेव्हा तर मोठे आकडे हातात येऊच नयेत म्हणून अकरा वर्षांचं एक चक्र, त्याचे ४,०१६ दिवस, अशी मांडणी केली. अकरा वर्षांत १३६ चांद्रमास जवळजवळ पूर्ण बसतात, हे त्यामागचं मर्म. पुढची कित्येक शतकं महाराष्ट्रातली पंचांगं या पुस्तकावर झाली. दर काही पिढ्यांनी आकाशाकडे बघून नवं करण लिहायचं, बीजसंस्कार, म्हणजे जुन्या आकड्यांना दुरुस्ती, द्यायचा, ही जिवंत परंपरा होती.

काळाच्या दोन टोकांमधला हा पूल उलट्या दिशेनेही वापरता येतो, आणि आजचं विज्ञान तसाच वापरतं. युरेनियम-२३८ची निम्मी मात्रा संपायला ४४७ कोटी वर्षं लागतात, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. मुलं विचारतात, आणि त्यांनी विचारायलाच हवं, की इतकी वर्षं कुणी बसून पाहिलं? कुणीच नाही. एक ग्रॅम शुद्ध युरेनियम-२३८ घेतलं तर त्यात दर सेकंदाला सुमारे १२,४०० अणू फुटतात, आणि हे मोजता येतं. वर्षात सुमारे ३.१६ कोटी सेकंद, म्हणून वर्षाला सुमारे ३९ हजार कोटी अणू. एका ग्रॅममधल्या एकूण अणूंची संख्या २५ वर वीस शून्यं, इतकी. भागाकार केला की सुमारे ६४५ कोटी येतात. त्याला २च्या नैसर्गिक लॉगॅरिदमने, म्हणजे ०.६९३ने, गुणलं की ४४७ कोटी. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणाचं वय साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास आहे, हे आपल्याला अशाच प्रकारच्या घड्याळांमुळे कळलं. ज्या वर्गात महायुगाचा भागाकार झाला आहे, त्या वर्गाला हा गुणाकार परका वाटणार नाही. दोन्ही एकाच तासाला शिकवा. भारतीय ज्ञान एका खोलीत आणि विज्ञान दुसऱ्या खोलीत, अशी भिंत घालायचं कारण नाही.

आता आपल्या घरात येऊ, संक्रांतीकडे.

शाळेच्या निबंधात, बातम्यांत आणि शुभेच्छांत दरवर्षी वाचायला मिळतं की मकर संक्रांतीपासून उत्तरायण सुरू होतं आणि दिवस मोठा व्हायला लागतो. प्रत्यक्षात दिवस मोठा व्हायला लागतो २१-२२ डिसेंबरनंतर. १४ जानेवारीपर्यंत तीन आठवड्यांहून जास्त काळ तो मोठा होतच असतो. हे अंतर कुठून आलं? ऋतूंचं वर्ष, म्हणजे सायन वर्ष, नाक्षत्र वर्षापेक्षा २० मिनिटं २४ सेकंदांनी लहान आहे. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय संथ डोलतो, त्यामुळे. आपली बहुतेक पंचांगं नाक्षत्र, म्हणजे निरयन, वर्ष धरतात. वर्षाला वीस मिनिटं, सत्तर-एकाहत्तर वर्षांत एक दिवस. चित्रापक्षाच्या, म्हणजे चित्रा ताऱ्यावरून राशींचा आरंभ ठरवणाऱ्या, गणिताने इसवी सन २८५च्या सुमारास सायन आणि निरयन वर्षांचे आरंभबिंदू एकत्र होते. तेव्हापासून साचलेल्या वीस-वीस मिनिटांचे आज साडेचोवीस दिवस झाले आहेत.

इंग्रजी कॅलेंडरच्या तुलनेत हिशेब आणखी सोपा आहे, कारण त्याचं सरासरी वर्ष नाक्षत्र वर्षापेक्षा जवळजवळ बरोबर वीस मिनिटांनी लहान आहे. बहात्तर वर्षं गुणिले वीस मिनिटं म्हणजे १,४४० मिनिटं, एक पूर्ण दिवस. म्हणून स्वामी विवेकानंदांचा जन्म झाला ती १८६३ची संक्रांत १२ जानेवारीला होती. म्हणूनच आजकाल संक्रांत कधी १४ला आणि कधी १५ला येते, आणि लोक गोंधळतात.

पानिपतचं घ्या. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर मराठ्यांवर संक्रांत कोसळली, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणतो, आणि बहुतेकांची समजूत अशी की लढाई संक्रांतीच्याच दिवशी झाली. २०२५ची संक्रांत १४ जानेवारीला सकाळी नऊच्या सुमारास होती. १७६१ ते २०२५ ही २६४ वर्षं. गुणिले वीस, म्हणजे ५,२८० मिनिटं, म्हणजे तीन दिवस सोळा तास. मागे गेलं की उत्तर येतं १० जानेवारी. लढाई झाली तेव्हा संक्रांत होऊन चार दिवस उलटले होते. हा हिशेब सहावीतल्या मुलीला करता येतो, आणि तो केल्यावर ‘ऐकलेलं’ आणि ‘पडताळलेलं’ यातला फरक तिला जसा कळेल, तसा तो दहा भाषणांनी कळणार नाही. पानिपतचं दुःख त्याने कणभरही कमी होत नाही.

वर्ष ताऱ्यांना बांधायचं की ऋतूंना, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. केरोपंत छत्र्यांनी १८६०मध्ये नव्या वेधांवर आधारलेली ग्रहसाधनाची कोष्टके मराठीत काढली. त्यांचेच विद्यार्थी लोकमान्य टिळक, आणि टिळकांच्या नावाचं पंचांग आजही निघतं; ते रेवतीपक्षाचं, म्हणजे रेवती ताऱ्यावरून आरंभ धरणारं, असल्यामुळे त्यातली संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. दापोलीजवळच्या मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित शिक्षकी करत होते आणि त्यांनी सायन पंचांगाची बाजू घेतली. १८९६चा त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा मराठी ग्रंथ या विषयातला आजही पायाभूत मानला जातो. व्यंकटेश बापूजी केतकर चित्रापक्षाचे. ही सगळी माणसं श्रद्धावान होती, परंपरेवर प्रेम करणारी होती, आणि एकमेकांचे आकडे जाहीरपणे तपासत होती. स्वातंत्र्यानंतर भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली १९५२मध्ये पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. नागपूरचे के. ल. दफ्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर तिचे सदस्य होते. समितीने १९५५मध्ये अहवाल दिला, आणि २२ मार्च १९५७ला राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचं वर्ष ऋतूंना बांधलेलं आहे. तिच्यातला पौष २२ डिसेंबरला, खऱ्या उत्तरायणाबरोबर सुरू होतो. सरकारी राजपत्रावर ती तारीख छापली जाते. ती का आणली हे मात्र सुशिक्षित माणसांतही फार थोड्यांना सांगता येतं.

संक्रांत कधी करायची हे सरकारने किंवा प्राध्यापकांनी ठरवावं, असं माझं म्हणणं नाही. तीळगूळ १४ जानेवारीला वाटला काय आणि २२ डिसेंबरला वाटला काय, तो समाजाने ठरवायचा विषय आहे, आणि निरयन पद्धतीमागेही ताऱ्यांशी नातं न सोडण्याचा विचार आहे. पण ठरवणाऱ्याला आकडे माहीत असावेत. आज आपण तसेच वाहत चाललो आहोत. इसवी सन ३०००च्या सुमारास संक्रांत जानेवारीच्या अखेरीला येईल. त्याच्या पुढच्या हजारांत ती फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पोहोचलेली असेल, आणि तेव्हाही कुणीतरी निबंधात ‘आजपासून दिवस मोठा होतो’ असं लिहील.

हाच पेच सध्या सगळ्या जगापुढे आहे, फक्त फार लहान मापात. अणुघड्याळाचा सेकंद सीझियम अणूच्या ९,१९,२६,३१,७७० कंपनांनी ठरतो; पृथ्वीचं फिरणं तितकं नियमित नाही. दोघांचा मेळ राहावा म्हणून १९७२पासून २७ लीप सेकंद घालण्यात आले, शेवटचा २०१६च्या अखेरीला. संगणकांना हा मधेच येणारा सेकंद त्रासदायक होतो, म्हणून नोव्हेंबर २०२२मध्ये आंतरराष्ट्रीय वजन-मापांच्या महापरिषदेने ठरवलं की २०३५पर्यंत किंवा त्याआधी ही तफावत एका सेकंदाहून जास्त साचू द्यायची. मला हा निर्णय पटतो, कारण तफावत किती साचली याची नोंद रोज ठेवली जाणार आहे. मेळ पुढे ढकलायला हरकत नसते. हिशेब विसरायला असते. वर्षाला वीस मिनिटं विसरण्याचा सतराशे वर्षांचा अनुभव ज्या समाजाकडे आहे, त्याच्या विद्यार्थ्यांना या जागतिक चर्चेत बोलण्यासारखं बरंच काही असायला हवं.

यावर शिक्षकांकडून येणारा आक्षेप मी समजू शकतो. दोन क्रेडिटचा विषय, वर्गात शंभर मुलं, त्यात कला शाखेची निम्मी, आणि शिकवणाऱ्याला ज्योतिर्गणिताचं प्रशिक्षण नाही. कोष्टक पाठ करून घेणं सोपं पडतं, कुणाच्या भावना दुखावत नाहीत, पेपर तपासायलाही वेळ लागत नाही. पण वर मांडलेल्या एकाही हिशेबाला सातवीच्या पुढचं गणित लागत नाही. युरेनियमचा तेवढा एक आकडा सोडला तर सगळे गुणाकार-भागाकार आहेत, आणि गणकयंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे. संस्कृतच्या प्राध्यापकांनी श्लोक लावून द्यावा, गणिताच्यांनी भागाकार करवून घ्यावा, इतिहासाच्यांनी दीक्षित आणि साहा समिती सांगावी. तीन विभागांनी मिळून घ्यावा असा हा विषय आहे आणि महाविद्यालयात असे विषय फार कमी असतात. भावनांचं म्हणाल, तर मूर्त आणि अमूर्त काळातली रेघ सूर्यसिद्धांतानेच ओढली आहे. ती वर्गात वाचून दाखवल्याने कुणाचा अपमान होत असेल तर तो अपमान ग्रंथ न वाचता त्याचा अभिमान बाळगण्यातूनच आलेला आहे.

विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांकडे माझी मागणी साधी आहे. परीक्षेतला ‘एक कल्प म्हणजे किती वर्षे’ हा एका गुणाचा प्रश्न काढून टाका. त्याऐवजी आर्यभट आणि सूर्यसिद्धांत यांचे महायुगाचे दिवस द्या आणि दोघांच्या वर्षातला फरक सेकंदांत काढायला सांगा. दुसऱ्या प्रश्नात इसवी सन ३०००ची मकर संक्रांत कोणत्या तारखेला येईल ते विचारा, एकदा आजचं नाक्षत्र वर्ष धरून आणि एकदा सूर्यसिद्धांताचं वर्ष धरून. दोन उत्तरांत दोन दिवसांहून थोडा जास्त फरक येईल. तो फरक नेमका कशामुळे आला, हे विद्यार्थ्याने आपल्या शब्दांत लिहावं, आणि निम्म्याहून जास्त गुण त्या परिच्छेदाला असावेत.